सिंह आणि मेंढ्या

यॉर्कशरच्या लोकर गिरणीच्या दारावर आज मालक एझ्रा थॅकवुड यांच्या घराण्याचं नवंकोरं कुलचिन्ह चढलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, की त्याच भरात रोजचं काम तासाने वाढल्याचं सांगून टाकायचं, असा थॅकवुडांचा बेत होता.

"सिंह म्हणजे आमचं शौर्य, मेंढ्या म्हणजे आमची लोकर!" त्यांनी मंचावरून गर्जून सांगितलं.

"अहो, पण सिंहाच्या पायाशी इतक्या मेंढ्या कशाला?" शेजारी बसलेल्या बायकोने हळूच विचारलं.

"वेडे, सिंह म्हणजे मी, अन् मेंढ्या म्हणजे ही समोरची जमात," ते आवाजही न फुटू देता पुटपुटले.



जन्मभर मागांच्या खडखडाटात एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारत आलेल्या विणकर बायांनी समोरून एका सुरात उत्तर दिलं, "बेंऽऽऽ!"