पहिली मूठ

"हल्ली हातात धरलेलं सुटत नाही गं," सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"तुमच्या हातून आजवर सुटलंय काय, आई?" सुनेने विचारलं. नवरा खो खो हसला. सासूबाईही हसल्या, जरा उशिरा. विषय तिथेच संपला.

आज त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी नणंद येऊन त्यांना घेऊन जाणार होती. 'थोडे दिवस' असं सगळे म्हणत होते. थोडे म्हणजे किती, ते कुणी विचारत नव्हतं.

निमित्त बाळाचं झालं. आंघोळीनंतर सासूबाईंनी त्याचा दंड धरला तो सोडेचनात. बाळ किंचाळत होतं, सून "आई, सोडा त्याला!" म्हणून ओरडत होती आणि सासूबाई मूठ आवळून नुसत्या बघत होत्या. शेवटी तिने त्यांचं एकेक बोट उकलून दंड सोडवला. कोवळ्या कातडीवर लाल वळ उमटले होते.

"नातवावर हक्क गाजवतात," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या हातात द्यायचा म्हटलं की जीवावर येतं त्यांच्या. जिन्याचा कठडासुद्धा सोडत नाहीत, मागे माणसं खोळंबतात. नुसता हट्ट! आता एक तर त्या तरी राहतील, नाहीतर मी."

नवऱ्याची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. चार दिवसांनी त्याने बहिणीला फोन लावला. सासूबाईंनी एका शब्दाने विरोध केला नाही. सुनेला तेही कबुलीसारखंच वाटलं.

ती प्राणिशास्त्र शिकलेली. संग्रहालयात माकडांपासून माणसापर्यंतचं दालन ती लोकांना फिरून दाखवायची. सांगाड्यांच्या हातांपुढे आली की हमखास थांबायची.

"माकडिणीचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या आईच्या केसांना धरून लटकतं. हात सुटला की संपलं. आपल्या आयांच्या अंगावरचे ते केस कधीच गेले, पण पिल्लांची मूठ राहिली. घरी तान्हं बाळ असेल तर त्याच्या तळहातावर बोट ठेवून बघा. कुणी न शिकवता धरेल."

लोकांना हे फार आवडायचं. एका बाईंनी मात्र विचारलं होतं, "मग मोठेपणी ती मूठ जाते कुठे?"

"जात नाही. मेंदू वाढतो आणि तिला दाबून ठेवतो," तिने झटकन सांगितलं होतं.

ती मूठ वेळेवर दबली नाही तर काहीतरी बिघडलेलं असू शकतं, हेही तिने वाचलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला होता. बाळ शिंकलं तरी डॉक्टरांना फोन लावणारी ती. रोज सकाळी, संध्याकाळी, दूध पाजताना ती बाळाच्या तळहातावर बोट फिरवायची. मूठ मिटायची आणि हिचा जीव खालीवर व्हायचा.

आज दुपार कलताना तिने बोट फिरवलं आणि तळहात उघडाच राहिला. बाळाने बोटाकडे सावकाश पाहिलं, मनात आलं तेव्हा धरलं, तोंडात घालून चावलं आणि कंटाळून सोडून दिलं.

"गेली! गेली एकदाची!" ती ओरडली.

सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पलंगाच्या कडेला सासूबाई बसल्या होत्या. निघायला अवकाश होता, तरी बाहेर जायचे कपडे केव्हाच घालून तयार. आनंदाच्या भरात ती भांडण विसरली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"बघा आई, आत्तापर्यंत काय व्हायचं, असं बोट फिरवलं की..." तिने त्यांच्या तळहातावरून बोट ओढलं.

मूठ मिटली.

तिला थट्टा वाटली. "अगदी बरोबर! आता सोडा."

"सोडतेच आहे गं."

तिने बोट ओढलं. ते जितकं ओढावं तितकी मूठ घट्ट. तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर हट्ट नव्हता. आपल्या दारात कुणाचा तरी अनोळखी कुत्रा येऊन बसावा, तशा सासूबाई स्वतःच्याच हाताकडे बघत होत्या. मग डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून उकलायला घेतली. सराईतपणे. रोजचंच काम असल्यासारखं.

"त्या दिवशीही सोडतच होते," त्या हळूच म्हणाल्या. "फार लागलं नव्हतं ना गं त्याला?"

मेंदू मुठीला दाबून ठेवतो, हे ती रोज पढवल्यासारखं सांगत आली होती. मेंदूच खचू लागला तर काय, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. जिन्याचा कठडा. दंडावरचे वळ. जरा उशिरा आलेलं ते हसू.

दारावरची घंटा वाजली. नणंद आली होती. सून उठली नाही. सुटू लागलेलं बोट तिने पुन्हा सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं.

बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, उपाय काही दिला नाही. बाळ आता घरभर धावतं, हाती येईल ते फेकतं. सासूबाईंना सुनेचं नाव आठवत नाही. बोट मात्र धरतात.

दालनात ती अजूनही त्या हातांपुढे थांबते. सगळं तेच सांगते, फक्त शेवट बदललाय. तुम्ही तिथे नव्हतात, तरी तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: तान्ह्या बाळाचं राहू द्या, त्याच्याकडे सगळेच बघतात. घरात जे म्हातारं माणूस हट्टी झालंय असं तुम्ही म्हणता, त्याच्या तळहातावर आज एकदा बोट ठेवून बघा.