कबरीतली तांबूस बाई

"ही कोण?" इसुतने विचारलं.

चित्रकार कासाने कुंचला थांबवला नाही. "मालकांना विचारा, बाईसाहेब. मला बोलायची मनाई आहे."

नवरा जिवंतपणीच स्वतःसाठी बांधून घेत असलेली कबर बघायला ती पहिल्यांदाच नदीपलीकडे आली होती, तीही त्याला न सांगता. भिंतीवरच्या चित्रात तिचा नवरा अमेनवा बसला होता, चित्रातल्या सगळ्या पुरुषांसारखा तांबडा. समोर त्याची आई आणि बहिणी, चित्रात घरंदाज बायकांना देतात त्या पिवळ्या रंगात. पण त्याच्या शेजारी, खांद्यावर हात टाकून बसलेली बाई पिवळी नव्हती. उन्हात राबणाऱ्या गड्यासारखी तांबूस होती. चेहरे सगळ्या बायकांचे सारखेच. डोक्यावर नाव लिहिलेलं, पण इसुतला वाचता येत नव्हतं.

"नाव काय लिहिलंय?"

"तेही मालकच सांगतील."

घरी दासी हेनुत कांदे सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "लग्न झाल्यापासून बारा वर्षं तुम्ही तोंडाला लेप लावून सावलीत बसलात. मालक रोज शेतांच्या मोजणीवर. तिथे काय बायकांना तोटा?"

जेवताना इसुतने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कबर कुठवर आली?"

"होतेय."

"रंग नीट देतो ना तो कासा?"

"मी सांगितलाय तसाच देतो." अमेनवा भाकरीकडे बघत गालात हसला.

इसुतने हातातली भाकरी खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कासा पाणी आणायला गेला, तशी ती आत शिरली. त्याची छिन्नी तिथेच पडली होती. आधी तिने डोळे खरवडले, मग नाक, ओठ. मग नाव, एकेक खूण करून. ज्याचा चेहरा आणि नाव उरत नाही, तो मेल्यावर पलीकडे कुणालाच सापडत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती घाई न करता खरवडत राहिली.

"आता हिला शोध म्हणावं त्याला तिकडे," ती भिंतीला म्हणाली.

दारात घडा फुटला. कासा उभा होता, आणि त्याच्यामागे अमेनवा.

"सांगा आता," छिन्नी उगारत ती ओरडली, "कोण होती ही टवळी?"

अमेनवा खाली बसून गिलाव्याचे तुकडे ओंजळीत गोळा करू लागला. ते जुळत नव्हते.

"जवसाच्या शेतात तुला पहिल्यांदा पाहिलं," तो म्हणाला, "तेव्हा तू याच रंगाची होतीस. नाव तुझंच होतं, इसुत."