करंगळीएवढी धार

खाली दादा राहतो, वर मी, आणि गॅस गीझर दोघांत एकच. हिवाळा लागला तशी माझ्या नळाची गरम धार करंगळीएवढी झाली. "गीझर म्हातारा झालाय रे, दोघांना नाही पुरत," दादा म्हणाला. त्याची कंबर दुखते, म्हणून महिनाभर मी निमूटपणे थंड पाण्याने आंघोळ केली.

आज गीझर तपासून मिस्त्री हसला. "ठणठणीत आहे, उगाच बिचाऱ्याला बदनाम केलंत! वर जाणाऱ्या पाइपाचा कॉक कुणीतरी अर्धा फिरवून सुतळीने बांधून ठेवलाय. थांबा, कात्री आणतो."


ती गाठ सोडवायला मला कात्री लागली नाही. लहानपणी बुटाची नाडी बांधताना ती मला दादानेच शिकवली होती.