पोटाकडचा रंग

आप्पांनी पाइपाचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाला लावून जोरात ओढलं आणि पाण्याची धार काजूच्या आळ्यात सोडून दिली.

"धर तुझे मासे," ते सुनेला म्हणाले. "झाडांसाठी जीवामृत कालवायला टाकी आजच हवी. शेण केव्हाचं आणून ठेवलंय."

तेजस्वी पिठाची चाळण घेऊन टाकीवर वाकली.

देवरूखजवळच्या त्या घरात मासा म्हणजे कालवण. तिने रत्नागिरीहून केशरी गोल्डफिशची जोडी आणली, तेव्हा सासूने, चिमाबाईंनी, आधी काटे किती असतात ते विचारलं होतं. जोडीने अंडी घातली. हे मासे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून अंडी चिकटलेली पाणवनस्पती तिने अलगद उचलून या टाकीत आणली. पिल्लांना उकडलेला बलक फडक्यातून गाळून भरवला. पिल्लं जगली, वाढली, दुहेरी झुपकेदार शेपट्या मिरवू लागली. पण रंग चिखलाचा! रंग मागाहून चढतो, हे तिने वाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. सांगून सांगून आता तिचाच धीर सुटत चालला होता.

"केशरी आईबापांना काळी पोरं," चिमाबाई पडवीतून म्हणाल्या. "दुकानदारानं फसवलान गो तुला. पऱ्यात सोड नि मोकळी हो."

"एवढ्या जड शेपट्या घेऊन वाहत्या पाण्यात कसे तगतील, आई?"

पाणी उतरत होतं. तळाशी मासे एकमेकांवर आदळू लागले. तेजस्वीने लोणच्याची रिकामी काचेची बरणी टाकीतल्याच पाण्याने भरली, पहिला मासा चाळणीत उचलला आणि बरणीत सोडला. बरणी कठड्यावर ठेवली. मागून ऊन आलं.

तिचा हात तसाच थांबला.

पाठ काळीच होती. पण पोट केशरी होतं. लखलखीत केशरी, आणि तो रंग कडेकडेने वर चढत होता. तिने दुसरा मासा बरणीत घेतला. त्याचंही तेच. तिसऱ्याचा तर शेपटीचा बुंधासुद्धा पेटला होता. इतके दिवस सगळ्यांनी हिरव्या पाण्यात वाकून नुसत्या पाठी पाहिल्या होत्या!

तिने पाइप उपसून बाहेर फेकला.

"पाणी तोडलंस कशाला?" आप्पा ओरडले.

तिने बरणी उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

आप्पांनी हात धोतराला पुसले. बरणी घेतली, उन्हाकडे फिरवली, पुन्हा फिरवली. आंबे पिकवायच्या अढ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"आयला," ते हळूच म्हणाले, "हा कोयीकडनं पिकतोय गो!"

तेजस्वी हसली. मग तिला हसू आवरेचना.

चिमाबाई गुडघे धरत पायऱ्या उतरल्या. त्यांनी बरणीला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग तडक कुंपणाच्या गडग्याकडे गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करून अशी हाक घातली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. "तुळसा! ये गो, बघ आमची पोरं!"

आप्पांनी तोवर विहिरीवरून कळशी भरून आणली होती. ती ते टाकीत उपडी करणार, तोच तेजस्वीने हात धरला. "बाबा, गार पाणी एकदम नको. जरा ऊन लागू दे, मग थोडं थोडं."

"सांगशील तसं," आप्पा म्हणाले आणि कळशी घेऊन तिथेच उन्हात बसले.

विजेच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला. मान वाकडी करून टाकीकडे बघू लागला. चिमाबाईंनी त्याला एक अस्सल शिवी हासडली, दोरीवरचं आपलं जरीकाठी लुगडं ओढलं आणि टाकीवर ताणून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले.

"आई, तुमचं सणाचं लुगडं!"

"असू दे," चिमाबाई म्हणाल्या. "दागिना उघड्यावर ठेवतं काय कोण?"