बिनतापाचा आकडा

“बाळ कसं आहे?” तिने दारातूनच विचारलं. “छान. तुझा कॉम्प्युटरच सांगतोय,” सासूबाई म्हणाल्या. प्रोग्रामिंगच्या क्लासात तिने लिहिलेला हा पहिलाच प्रोग्राम. थर्मामीटरचा आकडा टाकायचा. ताप असेल तर पडद्यावर लाल ‘दवाखाना’, नाहीतर हिरवं ‘बाळ ठीक’. निघताना तिने बजावलं होतं, “हात लावून ताप कळत नसतो, आई. आकडा टाका.” तिने बाळाला उचललं. अंग भाजत होतं, मान लुळी. “आकडा टाकला नाहीत?” “टाकला की! जास्त वाटला म्हणून पुन्हा टाकला. तरी हिरवंच आलं.” तिला प्रोग्राममधली ती ओळ आठवली. प्रोग्राम चालतो का ते तपासताना सारखं टाइप करायचा कंटाळा, म्हणून तिने बिनतापाचा आकडा तिथेच लिहून ठेवला होता, काढायचा राहिला. काहीही टाकलं तरी प्रोग्राम तोच वाचणार. सासूबाईंचा हात बाळाच्या कपाळापाशी थबकला. “आता लावू का गं?”