उशिराचं कारण

१९७४ साली आई आठ महिने दवाखान्यात होती आणि बाबांच्या शिवणकामाच्या दुकानाचा कर थकला. कर कचेरीतला कारकून म्हणाला, “मास्तर, अर्जात कारण म्हणून बायकोचं आजारपण लिहा. व्याज भरावंच लागेल, पण दंड माफ होईल.”

“अहो, दुकानाचे कागद तीच लावते. वाचलं तर मनाला लावून घेईल.” बाबांनी लिहिलं, ‘विसरलो’ आणि दंडही भरला.

बरी होऊन आलेल्या आईने पावती आणि अर्जाच्या प्रतीतलं ‘विसरलो’ पाहिलं. “इतका कसा हो वेंधळेपणा!” पुढच्या वर्षापासून कर तीच भरू लागली, मुदतीच्या महिनाभर आधी.

तो कारकून पुढे साहेब होऊन निवृत्त झाला. बाबा आधी गेले, आई नंतर. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. तेवढं मात्र खरं होतं.