फोटोपुरता बांध

"अजून वीतभर चढव रं. फोटोत दिसाय पायजे," आकाराम म्हणाला.

नानासोने फावडं मातीत रोवलं. उंब्रजच्या वाटेवरच्या त्या तीन एकरांच्या मधोमध दोघे भाऊ सकाळपासून बांध घालत होते. रान आजवर एकच होतं. विहीर एक, ऊस एक. पण ठिबक सिंचनाचं सरकारी अनुदान एका कुटुंबाला एकदाच मिळणार होतं. दोनदा हवं, तर पाहणीला येणाऱ्या मॅडमना दोन भावांची दोन रानं दिसायला हवीत. सातबारे गेल्या महिन्यातच वेगळे झाले होते. युक्ती आकारामची. "कागदावर तर वायलं व्हायचं, त्यात काय!" असं तोच हसत हसत घरात बोलला होता.

आकाराम नजरेच्या अंदाजाने माती ओढत होता. नानासोने मात्र दोन खुंट्यांना सुतळी ताणली होती. थोड्या थोड्या वेळाने तो खाली वाकून, एक डोळा मिटून ओळ बघत होता.

"आरं, फोटोपुरता हाय. एवढं काय मोजतुयास?"

"वाकडा नको, आण्णा."

दुपारी राजेश्वरी मॅडम आल्या. बांधाच्या अल्याड एकाला, पल्याड दुसऱ्याला उभं करून त्यांनी मोबाइलवर फोटो काढले.

"चूल वेगळी आहे ना दोघांची?"

नानासोने भावाकडे पाहिलं.

"व्हय, वायलीच की," आकाराम म्हणाला.

मॅडमची नजर बाभळीला अडकवलेल्या एकुलत्या एका डब्यावर गेली. त्या हसल्या. "मग पुढच्या वेळी डबे तरी दोन आणा."

आकारामही हसला. नानासो हसला नाही.

मॅडमची गाडी दिसेनाशी झाली, तसं आकारामने फावडं उचललं आणि बांधावर पहिला घाव घातला. ढेकूळ खाली घरंगळलं.

"ऱ्हाऊ दे, आण्णा."

"आँ?"

"ऱ्हाऊ दे म्हनतो."

"त्या परत येनार असल्या, तर फोन करतील की. पुन्यांदा घालू."

नानासोने ढिली पडलेली सुतळी पुन्हा ताणली. आकाराम वाट बघत राहिला. मग उगीचच म्हणाला, "तुज्या वैनीनं भरून दिलाय. चल, डबा तर खाऊ."

"तुमी खावा."

नानासो विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हरळी गवताचा मुळासकट उपटलेला झुबका होता. हीच हरळी. तिचं एक कांडं रानात दिसलं, तर हा हातातला घास ठेवून उपटायला धावायचा. एकदा धरली की नांगरालाही दाद देत नाही, म्हणायचा.

तो बांधाशी उकिडवा बसला. खाली पडलेलं ढेकूळ त्याने उचलून पुन्हा जागेवर बसवलं. सुतळीच्या ओळीने बोटाने भोकं पाडली, एकेक कांडं खोचलं, टाचेने दाबलं.

आकाराम फावड्यावर हात टेकून उभा होता. डबा बाभळीला होता, आणि बाभळ बांधाच्या पल्याड, नानासोच्या बाजूला राहिली होती.

नानासोने ओंजळीत पाणी आणलं आणि हरळीवर सोडलं.